जुन्या कन्सोलचं मॉड्यूल रॅकमध्ये बसवल्यावर घरघर येते, आउटपुट पातळ येतं: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

जुन्या मिक्सिंग कन्सोलमधून काढलेलं मॉड्यूल (एका चॅनलचा, माइकचा आवाज मोठा करणारा सुटा भाग) हाती आलं, दोन युनिटच्या डब्यात बसवलं, वायरी जोडल्या, माइक लावून हेडफोन चढवला, आणि गळ्याच्या आधी ऐकू आली ती घरघर. किंवा घरघर नाही, पण आवाज कागदासारखा पातळ, बेस जागेवरच नाही. माझ्या टेबलावर हे दुखणं पुन:पुन्हा येतं. कधी नीव्ह या ब्रिटिश कंपनीचं १०७३ किंवा १२७२, कधी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आयसीवाल्या कन्सोलची लांबलचक चॅनल पट्टी. आणणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो, कारण एवढे पैसे घालून घेतलेलं मॉड्यूल खराब निघालं असं त्याला वाटत असतं. बहुतेक वेळा मॉड्यूल धडधाकट असतं. चुकलेली असते ती त्याच्याभोवतीची जोडणी.

१०७३ हे १९७०मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी तयार झालं. एकटं डब्यात बसण्यासाठी ते कधीच आखलेलं नव्हतं. कन्सोलमध्ये त्याच्या मागे झिरोची जाड तांब्याची पट्टी होती, पॉवर सप्लाय लांब वेगळ्या जागी होता, आउटपुटला ६०० ओहमच्या हिशेबाने आखलेलं पुढचं यंत्र होतं. फँटमचे (माइकला त्याच्याच केबलमधून दिल्या जाणाऱ्या ४८ व्होल्टचे) रेझिस्टरसुद्धा अनेक जुन्या कन्सोलमध्ये मॉड्यूलमध्ये नसून चौकटीत असत. कन्सोल मोडून मॉड्यूल बाहेर काढलं की ही सगळी व्यवस्था मागे राहते. ती आपल्याला डब्यात पुन्हा उभी करायची असते. खालची प्रत्येक तपासणी या हरवलेल्या व्यवस्थेचा एकेक तुकडा शोधते.

लक्षणं आधी नीट ऐका

घाईने डबा उघडू नका. दहा मिनिटं नुसतं ऐका आणि वहीत लिहा.

जाड, संथ "घूं" येत असेल आणि गेनचं (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण फिरवूनही ती तेवढीच राहत असेल, तर दोष गेनच्या पुढे आहे, म्हणजे आउटपुटच्या वायरिंगमध्ये किंवा सप्लायमध्ये. गेन वाढवला की तीही वाढत असेल तर दोष इनपुटच्या बाजूला आहे. घरघर कर्कश असेल, ट्यूबलाइटच्या जुन्या चोकसारखी, तर ती बहुधा १०० हर्ट्झची असते आणि सप्लायमधल्या रेक्टिफायर-कपॅसिटरकडे (एसीचं डीसी करणाऱ्या भागांकडे) बोट दाखवते.

आवाज पातळ आणि बारीक असेल तर आउटपुटची एक तार कुठेच पोचलेली नाही. उलट बेस ठीक आहे पण "स" आणि "श" टोचतात, झांजा काचेसारख्या वाजतात, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लोड (त्यातून करंट ओढणारा पुढचा रोध) नाही. दूर उभ्या बुलेटसारखं "फट फट फट" येत असेल तर सप्लायच्या ओळीवरचा एखादा कपॅसिटर वाळलेला आहे, किंवा सप्लायपासून मॉड्यूलपर्यंतची वायर फार लांब आणि बारीक आहे.

एक मॉड्यूल लावलं तर सगळं शांत, चार लावली की घरघर, किंवा पहिल्या चॅनलचा ढोलक तिसऱ्या चॅनलमध्ये हळूच ऐकू येतो. हे झिरोची वायर वाटून घेतल्याचं लक्षण.

आणि डब्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर पुढचं काहीही वाचू नका. आधी प्लग काढा आणि शेवटचा भाग वाचा.

तीन शब्द वेगळे ठेवा

आपल्याकडे सगळ्यालाच "ग्राउंड" म्हणायची सवय आहे आणि निम्मा घोळ तिथेच होतो. मी तीन वेगळे शब्द वापरतो. अर्थ म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या जाड पिनमधून येणारी हिरवी-पिवळी वायर. ती जिवाच्या रक्षणासाठी आहे, आवाजाशी तिचा संबंध नाही. बॉडी म्हणजे डब्याचा पत्रा. झिरो म्हणजे मॉड्यूलच्या आतल्या आवाजाचा आणि सप्लायचा शून्य व्होल्ट. तिघं एकमेकांना जोडलेले असतात, पण कुठे जोडायचे आणि किती वेळा, यावरच सगळं अवलंबून आहे.

फुकटच्या तपासण्या

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम दाखवणारं प्लगइन असतंच. ते लावा आणि सर्वांत उंच टोक कुठे आहे ते बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. टोक ५०वर असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचा फेरा (दोन वाटांनी जोडलेल्या अर्थमधून फिरणारा करंट). १००, २००, ३०० अशी रांग असेल तर सप्लायचा रेक्टिफायर. कान फसतो, कारण छोट्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही आणि लोक १५०लाच हम समजतात.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. इंटरफेस, रॅक, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. घरघर गेली तर डबा निर्दोष आहे. दोन सॉकेटांच्या अर्थमधला फरक तुमच्या केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या जाळीतून) वाहत होता.

मग सप्लायचा डबा हाताने उचलून मॉड्यूलपासून जमेल तितका लांब न्या, जागेवरच फिरवून बघा. आवाज बदलला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र माइकच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय. इनपुट ट्रान्सफॉर्मरला चुंबकीय कवच असतं, पण एकाच दोन युनिटच्या डब्यात शेजारी टोरॉइड (गोल कड्यासारखा पॉवर ट्रान्सफॉर्मर) बसवला तर ते कवच पुरत नाही. १०७३चा माइक गेन ८० डीबीपर्यंत जातो, म्हणजे दहा हजार पट. दहा मायक्रोव्होल्टची गडबड बाहेर पडताना एक दशांश व्होल्ट होते. म्हणून मी सप्लाय नेहमी वेगळ्या डब्यात ठेवायला सांगतो. त्या दोन डब्यांमधल्या डीसी केबलला तीन पिनांचा एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तो गोल कनेक्टर) कधीच लावू नका. एखाद्या रात्री घाईत कुणीतरी त्यात माइक खुपसेल. चार किंवा अधिक पिनांचा वेगळा कनेक्टर घ्या.

पाच रुपयांचा डमी प्लग

एक्सएलआरच्या नर प्लगमध्ये २ आणि ३ पिनेच्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. हा तुमचा खोटा माइक. फँटम बंद ठेवून तो इनपुटला लावा. घरघर गेली तर दोष माइकमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये होता, डब्यात नाही. राहिली, तर बाकी सगळ्या तपासण्या हाच प्लग लावून करा. इनपुट उघडं ठेवून हम ऐकणं निरर्थक आहे, कारण उघडं इनपुट चांगल्या मॉड्यूलमध्येही गुणगुणतं.

बंद करून मॉड्यूल चार-पाच वेळा बाहेर काढून आत बसवा. १०७३च्या मागे १८ पिनांचा पेंटन कनेक्टर असतो. पन्नास वर्षांच्या पिनांवर काळा थर असतो आणि नुसत्या घासण्याने तो जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे. सँडपेपर नको, मुलामा निघून जाईल. मागच्या बाजूला प्रत्येक सोल्डर भिंगातून बघा. धुरकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे.

पिनांचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मॉड्यूल्सची मागची जोडणी वेगळी असू शकते. तुमच्या नेमक्या मॉड्यूलचं मूळ सर्किट ड्रॉइंग मिळवा, छापा, आणि जोडलेली प्रत्येक पिन पेन्सिलने टिपत जा.

आउटपुट: दोन्ही तारा आणि एक रेझिस्टर

नीव्हच्या या मॉड्यूल्सचं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तरंगत्या गुंडाळीतून येतं. तिची दोन टोकं आहेत आणि कोणतंही टोक झिरोला बांधलेलं नाही. त्यामुळे करंटला जायला आणि परत यायला दोन्ही तारा लागतात. एक पिन २ला, दुसरी पिन ३ला. पिन ३ मोकळी राहिली तर परतीचा रस्ताच नाही. फक्त तारांमधल्या छुप्या कपॅसिटन्समधून वरचे स्वर कसेबसे पोचतात आणि तो कागदी आवाज येतो. अनबॅलन्स्ड (सिग्नलची एकच तार आणि शील्ड असलेल्या) इनपुटला जोडायचं असेल तर त्या टोकाच्या प्लगमध्ये पिन ३ची तार शील्डला बांधा. ट्रान्सफॉर्मरला याने काही होत नाही, आवाजाची पातळीही कमी होत नाही. एवढं एक जोडून कित्येक "मेलेली" मॉड्यूल्स जिवंत झालेली मी पाहिली आहेत.

पिन २ की ३ गरम (सिग्नलची धन बाजू), हा जुना वाद. आज १९९२पासूनच्या एईएस या ध्वनी-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे पिन २ गरम धरतात. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांत ३ होती. एका मॉड्यूलमध्ये उलट झालं तर एकट्याने ते कळत नाही, पण ड्रमवर दोन माइक लावले की मधला बेस नाहीसा होतो. दोन चॅनलना एकच आवाज द्या आणि मिसळून बघा. आवाज भरला तर ठीक, विरला तर एका डब्यातल्या दोन तारा अदलाबदल करा.

आता लोड. त्या काळी आउटपुट ६०० ओहमला जोडायचं धरूनच ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेला असे. आजच्या इंटरफेसचं लाइन इनपुट दहा-वीस किलोओहमचं. ट्रान्सफॉर्मरला ओढणारं कुणी नसलं की वरच्या स्वरांत एक उंचवटा येतो आणि चौकोनी लहर दिली तर तिच्या कडांवर थरथर दिसते. उपाय स्वस्त आहे: आउटपुट एक्सएलआरच्या २ आणि ३ पिनेच्या मध्ये ६२० ओहमचा रेझिस्टर. पण पाव वॅटचा लावू नका. या मॉड्यूलचं कमाल आउटपुट +२६ डीबीयू, म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. ६२० ओहममध्ये त्याची उष्णता जवळपास ०.४ वॅट होते. एक वॅटचा मेटल फिल्म घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. पुढचं यंत्रही ६०० ओहमचंच असेल तर मात्र हा रेझिस्टर नको, नाहीतर लोड ३००वर येईल.

कुणीतरी आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर तेही तपासा. या क्लास ए (ट्रान्झिस्टर सतत चालू ठेवणाऱ्या) जोडणीत ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या गुंडाळीतून सतत डीसी वाहतो, म्हणून मूळ ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट ठेवलेली असते. फट नसलेला ट्रान्सफॉर्मर बसवला तर त्याचा गाभा डीसीनेच संपृक्त होतो, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरतो, आणि बेस फाटतो. तिथे कोणतीही वायरिंग दुरुस्ती उपयोगाची नाही.

पिन १: बहुतेक घरघर इथे राहते

या मुद्द्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण ज्या डब्यांचं दुखणं मला सापडतं त्यात हे सगळ्यांत जास्त असतं.

केबलचं शील्ड बाहेरची गडबड गोळा करतं. हे त्याचं कामच आहे. प्रश्न एवढाच की गोळा केलेला करंट तुम्ही कुठे सोडता. रॅक करणारा माणूस ड्रॉइंगमध्ये "झिरो" असं लिहिलेली पिन बघतो आणि एक्सएलआरची पिन १ एका बारीक वायरने तिथे नेऊन जोडतो. आता बाहेरचा सगळा कचरा त्या झिरोच्या वायरमधून वाहत आत येतो, जी वायर मॉड्यूल आपलं शून्य म्हणून वापरतं. हिशेब करून बघा. शील्डमधून दहा मिलीअँपिअर वाहतात आणि वायरच्या वाटून घेतलेल्या तुकड्याचा रोध दहा मिलीओहम. त्यावर पडतात १०० मायक्रोव्होल्ट. माइकच्या पातळीवर शिरले आणि ६० डीबी वाढले की आउटपुटला १०० मिलीव्होल्ट हम. वायर सुंदर सोल्डर केलेली असते, प्रत्येक जोड चोख असतो, तरी घरघर. नील मन्सी यांनी १९९५मध्ये हा दोष नीट मांडला आणि तेव्हापासून त्याला "पिन १ची समस्या" असंच नाव पडलं.

दुरुस्ती: प्रत्येक एक्सएलआरची पिन १ त्याच सॉकेटच्या शेजारी, शक्य तितक्या आखूड वायरने, थेट पत्र्याला. पत्र्यावरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. रंगावर बसवलेला स्क्रू म्हणजे जोडणी नव्हे. आतल्या शील्डेड वायरचं शील्ड एकाच टोकाला बांधा. मग झिरो आणि बॉडी यांची गाठ डब्यात फक्त एका ठिकाणी. सप्लाय वेगळ्या डब्यात असेल तर ही गाठ मॉड्यूलच्या डब्यात घ्या आणि सप्लायच्या डब्यात ती नाही याची मीटरने खात्री करा. दोन्हीकडे असेल तर तुम्ही स्वत:च फेरा तयार केला आहे. मात्र दोन्ही डब्यांचे पत्रे अर्थला जोडलेले हवेतच.

तपासायची एक स्वस्त पद्धत आहे. १२ व्होल्ट एसी देणारा साधा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर घ्या, एका तारेत दोन वॅटचा २२० ओहमचा रेझिस्टर घाला. साधारण ५० मिलीअँपिअर मिळतात. डमी प्लग लावलेला ठेवा, गेन मध्यम, आणि या दोन तारा इनपुटच्या पिन १ आणि आउटपुटच्या पिन १ला टेकवा. डबा शांत राहिला तर जोडणी उत्तम. "घूं" वाढली तर पिन १ अजून झिरोतून जातेय. ही परीक्षा इथेच करा, सिग्नलच्या पिनांना ती तार लागू देऊ नका.

इथे एक विनंती. घरघर घालवायला सॉकेटच्या प्लगमधली अर्थची पिन तोडायचा सल्ला तुम्हाला मिळेल. कृपया करू नका. हम जातो हे खरं, पण त्या दिवसापासून पत्रा आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये काहीच उरत नाही, आणि त्या पत्र्याला जोडलेला माइक कुणीतरी ओठांना लावून गाणार असतो.

सप्लाय: मीटर हातात घ्या

या पुढे आत विजेचा संपर्क येतो. सप्लायचा डबा उघडावा लागला तर प्लग काढून, मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करूनच हात घाला.

पहिलं मोजमाप सप्लायच्या टोकावर नाही, मॉड्यूलच्या कनेक्टरवर, मॉड्यूल चालू असताना. नीव्हच्या या घराण्याला एकच २४ व्होल्टची ओळ लागते. क्लास ए असल्यामुळे कुणी गात नसतानाही मॉड्यूल शंभर-सव्वाशे मिलीअँपिअर सतत घेतं. आठ मॉड्यूल म्हणजे एक अँपिअर. सप्लायवर २४ आणि मॉड्यूलवर २३.५ असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. मग मीटर एसी मिलीव्होल्टवर घेऊन त्याच पिनांवर मोजा. चांगल्या सप्लायवर हा आकडा एक-दोन मिलीव्होल्टच्या आत असतो; दहा-वीस दिसले तर घरघरीचा उगम सापडला.

प्रत्येक मॉड्यूलला सप्लायपासून स्वत:ची जोडी द्या, एक २४ची आणि एक झिरोची. एका मॉड्यूलहून दुसऱ्याला उडी मारत नेऊ नका. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ३५ मिलीओहम. आठ मॉड्यूल्सचा करंट एकाच दोन मीटरच्या झिरोतून गेला तर त्यावर ७० मिलीव्होल्ट पडतात आणि ढोलक वाजला की ते हलतात. दुसऱ्या चॅनलमध्ये ऐकू येतो तो हाच. झिरो कुठून उचलायचा तेही पाहा: मोठ्या फिल्टर कपॅसिटरनंतर, रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) संदर्भाच्या टोकापासून. रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्यामधल्या वायरमधून सेकंदाला १०० वेळा करंटचे जोरदार ठोके जातात. तिथून झिरो घेतला तर ते ठोके थेट आवाजात येतात.

एक प्रसंग सांगतो. सांगलीकडच्या एका घरगुती स्टुडिओतून तक्रार होती की दुपारी सगळं शांत, संध्याकाळी सातनंतर घरघर. माझ्या टेबलावर डबा निर्दोष. शेवटी त्यांना सॉकेटचा व्होल्टेज मोजायला सांगितलं: संध्याकाळी २००च्या खाली. हिशेब असा. २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर ३४, डायोडमध्ये दीड जातो, राहिले साडेबत्तीस. वीज २००वर आली की हे २८वर येतात. एक अँपिअरला ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर लहरीचा खड्डा दोन व्होल्टचा. म्हणजे तळ २६. एलएम३१७ या रेग्युलेटरला २४ बाहेर द्यायला आत किमान २६ ते साडेसव्वीस हवेत. दर ठोक्याला रेग्युलेटर क्षणभर हात टेकत होता आणि तेच १०० हर्ट्झ ऐकू येत होतं. २८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि दुप्पट कपॅसिटर बसवल्यावर दुखणं गेलं. हीट सिंकही मोठा लागला, कारण दुपारी वाढीव व्होल्टेजची उष्णता कुठेतरी जायला हवी.

हीट सिंकचाच आणखी एक सापळा. एलएम३१७च्या पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, ७८२४चा झिरोला, आणि ऋण बाजूच्या एलएम३३७चा इनपुटला. ३१७ अभ्रकाच्या चकतीशिवाय बॉडीला घट्ट केला की सप्लाय शॉर्ट होतो. ७८२४ तसाच केला की झिरो-बॉडीची दुसरी, नको असलेली गाठ पडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) चालेल का, असं दरवेळी विचारतात. चालू होईल. पण त्याच्या आउटपुटवर उच्च वारंवारितेचा कचरा असतो, आणि तो कधीकधी शिट्टीसारखा आवाजात मिसळतो. पन्नास वर्षांच्या मॉड्यूलपुढे मी रेषीय (साधा ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर असलेला) सप्लायच लावतो.

पोलॅरिटी जोडण्याआधी ड्रॉइंगवर बघा. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या काळातल्या कित्येक सर्किटांत धन बाजू कॉमन असे. उलट जोडणी एका सेकंदात ट्रान्झिस्टर खाते. पहिल्यांदा चालू करताना करंटची मर्यादा बांधता येणारा बेंच सप्लाय वापरा. नवा सप्लाय असेल तर त्याच्या मेन्समध्ये ६० वॅटचा सिरीज बल्ब घाला.

फँटम

४८ व्होल्टचा झिरो आवाजाच्या झिरोला जोडलेला नसेल तर फँटमला परतीचा रस्ता नाही आणि माइक मुका राहतो. पिन १-२ आणि १-३ दोन्हीकडे मोजा. दोन आकड्यांत फरक नको. मधले दोन ६.८ किलोओहमचे रेझिस्टर एकमेकांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत, नाहीतर केबलवरचा हम रद्द न होता आत येतो. डब्यातून चार घेऊन मीटरने जोडी निवडा.

आयसीवाल्या चॅनल पट्ट्या

यांचं दुखणं वेगळं. यांना धन आणि ऋण अशा दोन ओळी लागतात, साधारण १५ ते १८ व्होल्टच्या. एक ओळ पोचली नाही तर आउटपुट दुसऱ्या ओळीला चिकटून बसतं आणि तिथे भरपूर डीसी येतो. म्हणून काहीही जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलीव्होल्टपेक्षा जास्त असेल तर स्पीकर लावू नका.

आवाजच येत नसेल तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) आठवा. कन्सोलमध्ये फेडर वेगळ्या जागी होता, मॉड्यूलमधून त्याच्याकडे जाणारी आणि परत येणारी पिन वेगळी. ड्रॉइंग बघून त्या दोघांना पूल घाला किंवा पॉट लावा. आवाज येतो पण निम्मा, तर तुम्ही बसचं (सगळे चॅनल जिथे मिसळतात त्या वाटेचं) आउटपुट उचललं आहे. बसच्या वाटेवर मिसळण्यासाठी मोठा रेझिस्टर असतो. तो दहा किलोओहमचा असेल आणि इंटरफेसही दहा किलोओहमचा, तर सहा डीबी तिथेच गेले. त्याच्या आधीच्या डायरेक्ट आउट किंवा इन्सर्ट सेंडवरून घ्या.

कुठे थांबायचं

डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्लग काढा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. दोष तुमच्या सप्लायमध्ये असू शकतो किंवा घराच्या अर्थिंगमध्ये. जुन्या वाड्यांत अर्थची पिन नुसती शोभेची असते. ही गोष्ट तुम्ही ऐकून ठरवायची नाही.

मेन्सची बाजू याआधी कधी उघडली नसेल तर सप्लाय विकत घ्या किंवा करून घ्या, पहिला प्रयोग इथे नको. नळ्यांची मॉड्यूल्स, जर्मन व्ही७२सारखी, त्यांच्या आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहतात. ती उघडूच नका.

२४ व्होल्ट बरोबर आहेत पण एक मॉड्यूल शेजाऱ्यापेक्षा दीडपट-दुप्पट करंट घेतंय, ट्रान्झिस्टरला बोट टेकवत नाही, जळका वास येतोय: थांबा. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तुटल्याचा संशय असेल तरी थांबा. माइकच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरवर मीटरचा ओहम लावून बसू नका. त्या डीसीने गाभ्यात चुंबकत्व राहतं आणि आवाज बिघडू शकतो. आणि मूळ, कधीच न छेडलेलं मॉड्यूल असेल तर आतल्या कार्डावर सोल्डर लावण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

जाताना नुसता डबा नेऊ नका. पेन्सिलच्या खुणा केलेलं ड्रॉइंग, मागच्या वायरिंगचे उजेडात काढलेले फोटो, मॉड्यूलवर मोजलेले डीसी आणि एसीचे आकडे, सकाळ-संध्याकाळचा सॉकेटचा व्होल्टेज, आणि डमी प्लग लावून केलेलं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग बरोबर न्या. समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही.